अठ्ठावीस इंच

काकाजींच्या शर्टाच्या डाव्या खिशाला कायमचा झोळ पडलेला आहे. तिथं पेन नसतो, चष्मा नसतो. पाच मीटरचा पोलादी टेप असतो. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर रस्ते मोजले, मोऱ्या मोजल्या, शाळांच्या खोल्या मोजल्या. सरकारनं वेळेवर पेन्शन सुरू केलं, पण मोजणं बंद करण्याचा आदेश काढायचं विसरलं. तेव्हापासून यवतमाळच्या वाघापूर रोडवरची आमची कॉलनी काकाजींच्या ताब्यात आहे. कोणी फाटक बसवो, कूलरचा स्टँड करो की तुळशीवृंदावन बांधो, काकाजी हजर. विचारलं तर हजर, नाही विचारलं तर जरा आधी हजर.

गावात त्यांना ‘टेपवाले’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यात त्यांना गैर वाटत नाही. गैर त्यांना वाटतं ते अंदाजाचं. ‘असेल चार-पाच फूट’ असं कोणी म्हटलं की त्यांचा चेहरा दुखावतो. चार आणि पाचमध्ये बारा इंच असतात आणि एका इंचात आठ सूत असतात, एवढी जागा रिकामी सोडून माणूस रात्री झोपतो कसा, हे त्यांना कळत नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून पेपरात आणि टीव्हीवर रण पेटलं होतं. पानठेल्यावरसुद्धा लोक अभिव्यक्तीवर बोलत होते. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांचं भाषण ऐकून मंडळी भारावून परतली. काकाजीही परतले. मी विचारलं, “कसं झालं संमेलन?” ते म्हणाले, “झालं चांगलं. पण एवढी मोठमोठी मानसं मंचावर चढून रायली, पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का नाई, हे कोनं टेप लावून पायलं होतं का जी?” मी म्हटलं, “मला नाही माहीत.” ते म्हणाले, “तेच तं. साहित्यावर सगळे बोलतात.”

शकुंतला गाडीवर त्यांचा विशेष जीव. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज: इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस वाहायला टाकलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं खासगी कंपनीच्याच मालकीची राहिलेली. तिच्या आठवणीनं आमच्याकडची जुनी माणसं हळवी होतात. कोणाला तिची शिटी आठवते, कोणाला चालत्या गाडीतून उतरून परत चढणं आठवतं. काकाजी हळवे होतात ते दोन रुळांमधल्या अंतरानं. “अडीच फूट,” ते सांगतात. “गाडी बंद पडली, काटे उगवले, पण अडीच फूट म्हंजे अडीच फूट. मी सोता मोजलं.”

हा अडीच फूट पुढे कामाला येणार आहे.

काकाजींचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, तिशीला टेकलेला आणि बिनलग्नाचा. पूर्वी मुलाकडचे मुलगी पाहायला जात. आता मुलीकडचे घर पाहायला येतात आणि घरातही आधी स्वयंपाकघर पाहतात. मुलानं पुण्याहून फर्मान काढलं की किचन मॉड्युलर करायचं. नागपूरच्या एका डिझायनर पोरीनं व्हिडिओ कॉलवर घर पाहिलं आणि स्वयंपाकघर व बैठक यांच्यातली भिंत अर्धी पाडायला सांगितली. उरलेल्या अर्ध्या भिंतीवर काळा ग्रॅनाइट बसवला आणि त्याचं नाव पडलं ब्रेकफास्ट काउंटर. काकू त्याला पानठेला म्हणतात. वस्तू पाहिली तर काकूंचं नाव जास्त बरोबर आहे.

काम संपल्यावर मुलाचा मेसेज आला: “बाबा, आता फक्त दोन बार स्टूल घेऊन टाका.”

पोराला बापाची ओळख नसते ती अशी. काकाजींनी आयुष्यात काहीही ‘घेऊन टाकलेलं’ नाही. घरातला मिक्सर घेण्याआधी त्यांनी कॉलनीतल्या सगळ्या मिक्सरांचे आवाज ऐकले होते. पोळ्याच्या सुमारास आलेला हा मेसेज होळीपर्यंत चालला.

पहिली अडचण काकूंनी काढली. “बारचं सामान घरात? आन् उद्या पावने आले तं काय सांगू?” काकाजींनी त्याचाही छडा लावला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याप्रमाणे आपल्या राज्यात दारू प्यायची तर परवाना लागतो. तो हजार रुपयांत जन्मभराचाही मिळतो, आणि न काढता पिणारे तो असतो हेही जाणत नाहीत. पण नुसत्या स्टुलावर बसायला परवाना लागत नाही. हे त्यांनी काकूंना कलमासह ऐकवलं. काकू म्हणाल्या, “मंग त्याले बार म्हनू नका, उंच म्हना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि बैठकीच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर खडूनं आकृती काढली.

“हे पाय. मानूस बसते कायच्यावर? स्टुलावर. जेवते कायच्यावर? काउंटरवर. या दोघायच्या मधात राह्यते मांडी. बसाची जागा आन् काउंटरचा माथा, याच्यात दहा ते बारा इंच पायजे. नऊ असले तं मांडी अडकते. चौदा असले तं ताट हनवटीखाली येते. मंग तो मानूस जेवते का दाढी करते, समजत नाई.”

सगळ्या बार स्टूल प्रकरणाचं शास्त्र एवढंच आहे आणि ते काकाजींनी खडूच्या चार रेघांत बसवलं. ओटा ३६ इंचांचा असेल तर २४ ते २६ इंचांचं स्टूल. खरा बार असतो ४० ते ४२ इंचांचा, त्याला ३०. माणसामागे दोन फूट रुंदी सोडायची, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर आपल्या वरणात. ग्रॅनाइट पुढे दहा-बारा इंच तरी यायला हवा, म्हणजे गुडघे आत जातात. तो भिंतीशीच संपला तर गुडघे दोन दिशांना ठेवून बसावं लागतं. आणि पाय टेकायला आडवी दांडी, बसायच्या जागेपासून सतरा-अठरा इंच खाली. दुकानदार उंची सांगतात, रंग सांगतात, दांडीबद्दल कोणी बोलत नाही. लोंबकळणाऱ्या पायांनी दहा मिनिटांच्या वर कोणी बसू शकत नाही. दांडी नसलेलं स्टूल हे माणसाला लवकर उठवण्याचं साधन आहे, असं माझं मत काकाजींमुळे झालं.

“आता आपला काउंटर किती?” काकाजींनी टेप सर्रकन सोडला. “एकोनचाळीस.”

इथं ते थांबले. डिझायनर पोरीनं ३६ सांगितले होते. गवंड्यानं भिंत तोडली ती जिथं वीट सुटली तिथपर्यंत. त्यावर माल टाकला, त्यावर ग्रॅनाइट, आणि झाले ३९. ना धड ओटा, ना धड बार. एकोणचाळीसमधून अकरा गेले, उरले अठ्ठावीस. बाजारात पंचवीसचं मिळतं, तिसाचं मिळतं. अठ्ठावीसचं स्टूल मिळत नाही.

मला वाटलं, काकाजी खचतील. त्यांच्या डोळ्यांत मी इतकं तेज क्वचित पाहिलं होतं. सोपं स्टूल असतं तर आठवड्यात आणून टाकावं लागलं असतं.

दत्त चौकापासून आर्णी रोडपर्यंत फर्निचरचं एकही दुकान सुटलं नाही. काकाजी आत शिरले की पोरगा विचारी, “काय दाखवू काकाजी, सोफा?” काकाजी टेप काढीत आणि म्हणत, “तू काई नको दाखवू. मी पाहातो.” एका दुकानात तीस इंची स्टूल होतं, दांडीसुद्धा बरोबर जागी. टेप लावताच काकाजींचा आवाज मऊ झाला. “अडीच फूट! हे तं शकुंतला!” दुकानदाराला वाटलं कंपनीचं नाव आहे, तो म्हणाला, “नाही काकाजी, दिल्लीचा माल आहे.” मग काकाजींनी त्याला नॅरोगेज समजावलं. तिथून ते ब्रॉडगेजवर आले, कारण वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची मोठी गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली होती. ब्रॉडगेजचं अंतर साडेपाच फूट. “आन् माही उंचीही साडेपाच फूट. म्हंजे मी ब्रॉडगेज, हे नॅरोगेज.” दुकानदार म्हणाला, “मग पॅक करू?” काकाजी म्हणाले, “कसं करतं? एकोनचाळीसमधून तीस गेले तं उरले नऊ. मांडी अडकन.” आणि दोन तासांनी, शकुंतलेला शेवटचा हात लावून, बाहेर पडले.

ऑनलाइनवाल्यांनी मात्र त्यांना पेचात पकडलं. मुलानं परस्पर एक स्टूल मागवून दिलं, गॅसचं. खाली चकाकती गोल थाळी, मध्ये नळी, कडेला खटका. ऑफिसच्या खुर्चीत असतो तोच दाबलेल्या वायूचा दट्ट्या. २४ पासून ३२ इंचांपर्यंत हवी ती उंची. म्हणजे २८ सुद्धा! शोध संपतोय की काय या भीतीनं काकाजी दोन दिवस जेवले नीट नाहीत. नळीवर त्यांनी २८ ची खूण केली, स्टूल त्या खुणेवर आणलं, आणि रात्री त्याच्यावर तुरीच्या डाळीचं पोतं ठेवून झोपले. सकाळी पाच वाजता टेप लावला. स्टूल दीड सूत खाली आलं होतं.

“दीड सूत म्हंजे किती, काकाजी? डोळ्यालाही दिसत नाही.”

“एका रातीचं दीड सूत. वर्षाचं किती झालं?”

हिशेबानं ते स्टूल वर्षभरात जमिनीत सव्वातीन-साडेतीन फूट जात होतं. शिवाय ते गरगर फिरे. काकाजींच्या आईला, म्हणजे आजीला, त्यावर बसवून पाहिलं. आजी नव्वदीच्या आहेत. पाटावर बसून जेवतात आणि कोणाचा हात न धरता उठतात, जे आमच्यापैकी एकालाही जमत नाही. आजींचं तोंड आधी देवघराकडे होतं, मग न सांगता न्हाणीकडे झालं. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, “मले जत्रेत नाई जायचं.” स्टूल परत गेलं.

त्यानंतर आलं पत्र्याचं. हल्ली नागपूर-पुण्याच्या कॅफेत लाल-पिवळ्या पत्र्याची स्टुलं दिसतात, बसायच्या जागी भोकं असलेली. मूळ फ्रान्सची वस्तू. झेवियर पोशार नावाच्या पत्र्याच्या कारागिरानं १९३० च्या दशकात असली खुर्ची केली, टोलिक्स नावानं ती जगभर गेली आणि तिच्या नकला आता कुठंही मिळतात. एकात एक रचता येतात, पावसात बाहेर राहतात. भोकं पाणी जायला. मुलाचं म्हणणं, दोन काउंटरला आणि दोन गच्चीवर ठेवू, संध्याकाळी छान वाटेल. पुण्याच्या मुलांना गच्ची म्हटलं की संध्याकाळ आठवते. यवतमाळच्या गच्चीवर दुपारही असते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की आमच्याकडे लोखंडाच्या फाटकाची कडी रुमालानं धरून उघडतात. काकाजींनी नमुन्याचं एक स्टूल गच्चीवर नेलं आणि दुपारी तीनला त्यावर बसले. तीनलाच उठले.

गच्चीसाठी लाकूडच चांगलं, त्यातही सागवान. तेलकट लाकूड, ऊन-पाऊस सोसतं, वाळवीला दाद देत नाही. वेत म्हणून विकतात ते प्लास्टिक असतं, दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो. रेक्झिनची गादी मे महिन्यात माणसाला सोडत नाही. सागवानाच्या मुलखात राहून दिल्लीचा पत्रा कशाला, असा विचार करून काकाजी सुताराकडे गेले. घाटंजी-पांढरकवड्याकडचं लाकूड हाताळून म्हातारा झालेला माणूस. त्यानं घनफुटाचा भाव सांगितला, काकाजी गप्प झाले. मग तो म्हणाला, “काकाजी, अयोध्येच्या मंदिराच्या दारायले बल्लारशाहून सागवान गेला. आन् तुमी तोच सागवान बारच्या स्टुलाले लावाले निंगाले?” काकाजी म्हणाले, “बारचं नाई, उंच.” पण मन मोडलं होतं.

आता उरला खरा बार.

काकाजींनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. आणि यवतमाळात निर्व्यसनी राहणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या जिल्ह्याला लागून वर्धा. गांधीजी-विनोबांची भूमी म्हणून सत्तरच्या दशकापासून तिथं दारूबंदी. पलीकडे चंद्रपूर, तिथं २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. त्या सहा वर्षांत वणीच्या बाजूला संध्याकाळी गाड्या कुठल्या नंबरच्या उभ्या असत, हे तिथल्या लोकांना विचारा. आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनीही बंदीसाठी मोर्चे काढले, पण बंदी काही आली नाही. कधी एका, कधी दोन कोरड्या जिल्ह्यांच्या शेजारी ओला राहिलेला हा मुलूख आहे. इथं न पिणाऱ्या माणसाचं नाव लोक पत्त्यासाठी वापरतात.

तर असे काकाजी एका टळटळीत दुपारी टेप घेऊन परमिट रूममध्ये शिरले. आधारासाठी मला नेलं होतं. आत अंधार, फिनेलचा वास आणि एक झोपलेला वेटर. गल्ल्यावर बसलेल्या मॅनेजरचं लक्ष आधी काकाजींच्या पांढऱ्या शर्टाकडे गेलं, मग हातातल्या टेपाकडे, आणि त्याचा रंग उडाला.

त्यात त्याची चूक नव्हती. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली. पुढच्या एप्रिलपासून देशभर टेप निघाले. कोणी मागचं दार पुढचं केलं, कोणी पाचशे मीटर भरावेत म्हणून वाटेत भिंतींची वेटोळी बांधली. मग नगरपालिकेच्या हद्दीला सूट मिळाली आणि लोक शांत झाले. पण त्या दिवसांतून गेलेला बारवाला टेप पाहिला की अजून दचकतो.

“साहेब, या जी, बसा जी,” मॅनेजर उठून म्हणाला. “आपलं अंतर मोजून झालं मागंच. नगरपालिकेच्या हद्दीत येते. कागद हायत. पोट्या, साहेबाले थंडं आन!”

“मले बसाचंच आहे,” काकाजी म्हणाले. “पण उंच.”

मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलाचं सांगितलं. ते ऐकून त्याला जे हसू फुटलं त्यात अर्धी सुटका होती.

पण बारमध्ये स्टूल नव्हतंच. काउंटर होता, बेचाळीस इंचांचा, जगाच्या मापात बसणारा. त्याच्यापुढे सोड्याची क्रेट रचलेली. काकाजींना धक्का बसला. मला नाही बसला. सिनेमातला एकटा माणूस उंच स्टुलावर बसून बारवाल्याला आपलं दुःख सांगतो. आमचा माणूस दुःख सांगायला चार जण गोळा करतो, भिंतीला पाठ लावतो आणि दाराकडे तोंड करून बसतो, कारण कधी कोणाचा सासरा आत येईल सांगता येत नाही. काउंटरशी उभा राहतो तो घाईतला, बाटली पिशवीत टाकून निघणारा. त्यालाही बसायचं नसतं. बार स्टुलावर पाठ सगळ्या गावाला उघडी पडते. आमच्या गावाला एवढी पाठ दाखवणं परवडत नाही.

काकाजी निघणार तेवढ्यात त्यांची नजर गल्ल्यामागे गेली. मॅनेजर ज्याच्यावरून उठला होता ते लोखंडी, काळं, कळकट स्टूल. काकाजी पुढे झाले, वाकले, टेप सोडला. परत सोडला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून सोडला.

“अठ्ठावीस.”

“काय जी?”

“अठ्ठावीस इंच! हे कुठून आनलं?”

“हे होय? बाजारातलंच हाय जी. तिसाचं होतं. पाय लोंबत होते माहे. लोहाऱ्याच्या वेल्डरले म्हनलं, काप दोन इंच. त्यानं कापलं.”

बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पोळा, दिवाळी, संक्रांत गेली; आर्णी रोड झाला, नागपूर झालं, दिल्लीचा आणि फ्रान्सचा माल झाला; आणि उत्तर होतं करवतीचं पातं. मी सांत्वन म्हणून म्हटलं, “चला, एकदाचं मिळालं.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं.

तरीही त्यांनी लढा सोडला नाही. तिरप्या पायाचं स्टूल सरळ कापलं तर पाय धारेवर उभा राहतो, कोनात कापावं लागतं, म्हणून ते तीस इंची दोन स्टुलं आणि कोनाचा कागद घेऊन लोहारा एमआयडीसीत गेले. वेल्डर पंचविशीतला पोरगा. त्यानं कागद पाहिला, घडी करून मशीनखाली ठेवला, दोन्ही स्टुलं उलटी केली आणि आठही पाय कापून रबरी बूट चढवले. सगळा मामला चहा येईपर्यंत. काकाजींनी टेप लावला. आठही पायांवर बूट धरून अठ्ठावीस. सुताचा फरक नाही.

“काहून रे, मोजलं कवा तू?”

“नजरेनं कापलं काकाजी.”

काकाजी रात्री जेवले नाहीत.

स्टुलं घरी आली. सुंदर दिसतात, हे कबूल केलं पाहिजे. ग्रॅनाइटच्या काळ्यावर पायांचा काळा रंग जुळला आहे. कोणी आलं की काकाजी त्याला वर बसवतात, खाली वाकून बसायची जागा आणि ग्रॅनाइटचा माथा यांच्यात अकरा इंच आहेत हे दाखवतात आणि मग खाली सोफ्यावर आणून चहा देतात. स्वतः ते आजीशेजारी पाटावर जेवतात. मुलगा दिवाळीत येणार तेव्हा बसेल.

बसतात त्या एकट्या काकू. त्यांनी एक स्टूल ओढून गॅसपाशी नेलं आहे. भाजी परतताना, दूध उतू जायची वाट पाहताना त्या त्याच्यावर अर्ध्या टेकतात. तीसेक वर्षं उभ्यानं स्वयंपाक केलेल्या बाईला टेकायला जागा मिळाली. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या घरांसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच, त्यात एक फिरतं स्टूल होतं. रांधणारीनं बसून काम करावं म्हणून. पुढे ते स्टूल कसं कोण जाणे ओट्याच्या पलीकडे गेलं आणि पाहुण्याचं झालं. काकूंनी ते परत आणलं, एवढंच.

काकाजींना हे पटत नाही. “गॅसचा ओटा तेहतीस. स्टूल अठ्ठावीस. पाचच इंच राह्यतात. मापात बसत नाई हे.”

“माहे पाय तुमचा टेप पाहात नाईत,” काकू म्हणतात आणि फोडणी टाकतात.

दुसऱ्या स्टुलावर चढून काकाजी कूलरमध्ये पाणी भरतात. खिडकीच्या कूलरच्या तोंडाशी अठ्ठावीस इंचांवरून हात नेमका पोचतो. हे आधी लक्षात आलं असतं तर शोध वेगळ्या अंगानं करता आला असता, अशी त्यांना हळहळ आहे.

मधल्या काळात त्या परमिट रूमच्या मॅनेजरचा निरोप आला. मालकाच्या डोक्यात काउंटरला स्टुलं लावायचं खूळ शिरलं होतं, नागपूरसारखं करू म्हणून. ‘तुमच्याशिवाय मापाचं कोनाले समजते?’ काकाजींची तब्येत एका दिवसात सुधारली. बेचाळीसचा काउंटर, म्हणजे तिसाची स्टुलं, म्हणजे शकुंतला. दोन फुटाला एक, वळायला जागा, दांडी बसायच्या जागेखाली अठरा इंचांवर. आता ते दुपारी जेवण झालं की पांढरा शर्ट घालून उघड माथ्यानं बारमध्ये जातात आणि चार तास तिथं असतात. कॉलनीला सवय झाली आहे.

अशाच एका दुपारी वर्धा जिल्ह्यातल्या देवळीकडून मुलीकडचे आले. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. मुलीचे वडील, आई आणि सेवाग्रामकडचे मामाजी, पांढऱ्याशुभ्र खादीत. काकूंनी धावपळ करून पाणी दिलं आणि मला कुंपणावरून हाक मारली, घरात पुरुष माणूस दिसावा म्हणून. मुलीच्या आईनं स्वयंपाकघर पाहिलं, काउंटर पाहिला, गॅसपाशी टेकवलेलं स्टूल पाहिलं आणि मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

“आन् आपले साहेब दिसत नाईत?” मामाजींनी विचारलं.

“ते बारमदी गेले जी,” काकू म्हणाल्या. “रोज जातात. येतीनच पाच वाजेपर्यंत.”

मुलीच्या वडिलांचा पेला टेबलावर टेकला. मी घाईनं सावरायला गेलो. “तसं नाही, ते फक्त मोजायला जातात.”

“हो न,” काकूंनी दुजोरा दिला. “मोजल्याशिवाय तं ते कायलेच हात लावत नाईत.”

मुलीच्या आईनं पदर सावरून नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मामाजींकडे पाहिलं. घरातली वडीलधारी, खादीतली व्यक्ती तीच. निर्णय त्यांनीच द्यायचा होता. मामाजी उठले. दाराशी जाऊन त्यांनी चपला शोधल्या, एक पाय घातला आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाले,

“वऱ्हाडातल्या मानसाले असं एकटं सोडून बरं नाई दिसत. कोनता बार म्हनले जी? चाला, मीच भेटून येतो त्यायले.”